आल्बच्या तळघरांतले हादरे आणि माझी विहीण

भूकंपाच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. माझा जन्म कोयनेच्या खोऱ्यातला. वडील धरणावर ड्रायव्हर होते आणि सदुसष्ट सालचा मोठा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. आमच्या क्वार्टरची एक भिंत गेली, माणसं वाचली. त्यानंतर आमच्याकडे हादरे पाहुण्यांसारखे यायचे. मांडणीवरची ताटं वाजली की आई कणीक मळता मळता "आला गं" म्हणायची आणि मळत राहायची. त्यामुळे होणारा जावई जेव्हा म्हणाला की जर्मनीतही भूकंप होतात आणि तो त्यांचाच अभ्यास करतो, तेव्हा मी हसले. मोठ्यानं, आणि तेही लग्नाच्या बैठकीत.

माझी विहीण तेव्हा हसली नव्हती. हे माझ्या लक्षात यायला सहा वर्षं आणि जर्मनीचा एक व्हिसा लागला.

विहीणबाईंचं नाव कमल. लातूरला असतात, अंगणवाडीतून निवृत्त झाल्या. आमच्या मुलांचं लग्न मुलांनीच ठरवलेलं. ते बौद्ध, आम्ही आमच्या जातीचे. दोन्ही घरांनी "आमची काही हरकत नाही" हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं की हरकत होती हे सगळ्यांना कळलं. नंतर सहा वर्षांत आम्ही दोघी तीनदा भेटलो. कऱ्हाड ते लातूर अंतर फार आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे. जर्मनी त्याहून लांब असून तिथे जायला मी तयार होते, हे बोलण्याच्या ओघात सुटायचं.

यंदा मात्र मुलांनी दोघींची तिकिटं एकत्र काढली, कारण विमानतळावर दोनदा जायला त्यांना सुट्टी नव्हती.

कार्ल्सरूहे

माझी लेक मैथिली या शहरात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, जावई निखिल विद्यापीठात. घर छान. स्वयंपाकघर मात्र एक आणि आया दोन. माझ्या आमटीत गूळ, त्यांच्या आमटीत काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट. आम्ही एकमेकींना "तुम्हीच करा ना आज, तुमच्या हाताला चव आहे" असं इतक्या आदरानं म्हणायचो की नवव्या दिवशी मैथिलीचं डोकं दुखायला लागलं.

"आई, निखिल तीन दिवस आल्बला चाललाय," ती म्हणाली. "डोंगर आहेत, किल्ला आहे. तुम्ही दोघी पण जा ना. प्लीज."

त्या 'प्लीज'मध्ये लेकीची माया कमी आणि घरमालकिणीची नोटीस जास्त होती.

निखिलचं काम मला तेव्हा नीट कळलं. आल्ब नावाच्या डोंगराळ भागात लोकांच्या तळघरांत विद्यापीठाची यंत्रं ठेवलेली असतात. जमीन जराशी जरी हलली तरी ती टिपतात. निखिल अधूनमधून जाऊन ती तपासतो, आणि यंत्रं नव्हती त्या काळातले हादरे म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घेतो. सगळ्या जर्मनीत भूकंपाचं नाव निघालं तर लोक भुवया उंचावतात, पण या एवढ्याशा भागात मात्र जमिनीला अधूनमधून शिंक येते. एकोणीसशे अकरात मोठी आली होती, अठ्ठ्याहत्तरात पुन्हा. बाकी सगळ्या बारक्या.

"बारक्यांचा इतिहास लिहून काय करायचं रे?" मी गाडीत विचारलं. "आमच्याकडे असा इतिहास लिहायचा तर कागद पुरायचा नाही."

"आल्झो, आई," निखिल म्हणाला. आल्झो म्हणजे त्यांचं 'तर मग'. तो मलाही आईच म्हणतो आणि दोघी शेजारी बसलो की दोघी एकदम 'काय?' म्हणतो. "बारके लिहून ठेवले की मोठ्याचा अंदाज बांधायला मदत होते. थोडीशी. खात्री कधीच नसते."

मागच्या सीटवर कमलताई खिडकीबाहेर बघत होत्या.

वर, पठारावर

आल्ब म्हणजे आपल्या पठारांचाच धुतलेला, इस्त्री केलेला चुलतभाऊ. पांढरे कडे, वर सपाटी, बीच वृक्षांची घनदाट झाडी आणि मध्येच मेंढ्या. मेंढ्यासुद्धा रांगेत. एका सुळक्यावर राजाचा किल्ला आहे, चित्रातल्यासारखा टोकदार. अठ्ठ्याहत्तरच्या भूकंपात त्याला तडे गेले आणि वरचे पुतळे खाली आले, असं निखिलनं सांगितलं. मी म्हटलं, आमचे किल्ले तोफांनी पडले, हे काय. कमलताई पहिल्यांदा बोलल्या, "पडलेलं कसंही पडलेलं असलं तरी उचलावं लागतंयच की विहीणबाई." मी घाईघाईनं किल्ल्याचा फोटो काढला. त्यात माझा अंगठा आला.

रात्रीचा मुक्काम एका घरगुती पेन्शनमध्ये. पेन्शन म्हणजे इथे निवृत्तिवेतन नव्हे, राहायची खोली. हे मला कळेपर्यंत मी मालकिणीला "मला महिन्याच्या एक तारखेला मिळते" असं सांगून बसले होते. निखिलनं ते भाषांतरित केलं नाही. पुढे तो माझं बरंच काही भाषांतरित करत नाही, असं माझ्या लक्षात आलं.

जेवायला मसूर आणि श्पेत्झ्ले. श्पेत्झ्ले म्हणजे अंड्याच्या पिठाच्या आखूड शेवया, उकडलेल्या. वर घट्ट मसुराची आमटी, तीही व्हिनेगर घातलेली, आणि शेजारी दोन सॉसेज. मी शाकाहारी. माझी सॉसेज मी गुपचूप विहीणबाईंच्या ताटात सरकवली. त्यांनी ती गुपचूप खाल्ली. आमच्या नात्यातली ही पहिली बिनशर्त देवाणघेवाण.

"वरण-शेवया," त्या म्हणाल्या.

"फोडणी विसरलेत," मी म्हटलं.

"विसरले नाहीत. ह्यांना कुणी सांगितलंच नसंल."

दोघी हसलो. निखिलनं आमच्याकडे असं पाहिलं जणू यंत्राची सुई हलली.

खोली एकच होती. पलंगाशेजारच्या टेबलावर मी माझा पितळी गणपती ठेवला, त्यांनी पिशवीतून बोटाएवढा बुद्ध काढला. मध्ये जर्मन दिवा. दिवा कुणी विझवायचा यावरून "तुम्ही विझवा", "नाही, तुम्ही" असं बराच वेळ चाललं. शेवटी तो रात्रभर जळला.

फ्राऊ हेगेलेंचं तळघर

दुसऱ्या दिवशी आम्ही तळघरं पाहिली. तळघरं पाहून कुठल्याही देशाचं खरं रूप कळतं. श्वाबेन माणूस, म्हणजे इथला, वर बैठकीत एक फुलदाणी ठेवतो आणि खाली आजोबांच्या काळापासूनचं सगळं. स्क्रू आकारानुसार, बरण्या सालानुसार. त्यातच कोपऱ्यात निखिलचं डब्याएवढं यंत्र, आणि त्याच्यावर कुणीतरी प्रेमानं विणून घातलेली टोपी.

"थंडी लागू नये म्हणून," निखिल कसनुसं हसत म्हणाला. "दर वेळी काढतो. दर वेळी नवीन असते."

टोपीवाल्या घराची मालकीण फ्राऊ, म्हणजे श्रीमती, हेगेले. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, डोळे शेजाऱ्यांच्या जिन्यावर. त्या आठवड्यात त्यांच्याकडे केरवोखे होतं. श्वाबेन भागात घरांतल्या लोकांनी आळीपाळीनं आठवडाभर जिना आणि फुटपाथ झाडायचा असतो, त्याला हे नाव. केर हा शब्द जर्मनांनी आपल्याकडून नेला असणार, अशी माझी खात्री आहे. निखिल म्हणतो तसं नाही. पण तो भूकंपवाला आहे, त्याला भाषेतलं काय कळतं.

त्यांनी आम्हाला प्लमचा केक दिला आणि तरुणपणीची गोष्ट सांगितली. इथे तेव्हा विणकामाच्या गिरण्या होत्या. फ्राऊ हेगेले अंतर्वस्त्रं शिवायच्या विभागात कामाला. यंत्रं अशी धडधडायची की बारके हादरे कुणाला कळायचेच नाहीत. "अर्ध्या देशाच्या चड्ड्या आम्ही शिवल्या," त्या म्हणाल्या, "आणि जमीन हलतेय का मशीन हलतंय, हे बघायला वेळ कुणाला होता?" हे मात्र निखिलनं शब्दशः भाषांतरित केलं, कान लाल करत.

अठ्ठ्याहत्तरातला भूकंप रविवारी सकाळी आला, गिरणी बंद असताना. त्यामुळे तो त्यांना पुरता कळला. धुराडं अंगणात पडलं. नवरा झोपेतून उठून आधी गाडी बघायला धावला, मग बायकोला. "हे मी त्याला कधी विसरू दिलं नाही," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक हादरा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. सगळी कॅलेंडरं जपून ठेवलेली, तळघरात, बरण्यांच्या वरच्या फळीवर. निखिल या कॅलेंडरांसाठीच तीन वर्षं या घरी केक खात होता. कारण त्यांत यंत्रांनाही न सापडलेल्या कितीतरी बारक्या थरथरी होत्या. पण फ्राऊ हेगेले ती हातात द्यायला तयार नव्हत्या. कॅलेंडरवर गल्लीतल्या भांडणांच्याही नोंदी होत्या. कुणी केरवोखे चुकवलं, कुणाचा नवरा उशिरा आला. त्यामुळे त्या पानावर तळहात ठेवायच्या आणि फक्त हादऱ्याची ओळ वाचून दाखवायच्या.

"दंतवैद्य," त्या वाचत होत्या. "मग हादरा. लहान. बरण्या वाजल्या." तळहात पुढे सरकला. "हादरा. मांजर पलंगाखाली." तळहात सरकला. एका ठिकाणी त्या खुदकन हसल्या आणि ती ओळ वाचलीच नाही.

श्वाबेन लोक लाडानं शब्दाच्या शेवटी 'ले' लावतात, आपण 'छोटुकलं' म्हणतो तसं. फ्राऊ हेगेलेंनी हादऱ्यालाही 'ले' लावला. निखिलला तो शब्द लिहिताच येईना.

मग त्यांनी आमच्याकडे वळून विचारलं, "तुमच्याकडे होतात का हादरे?"

झालं. मी पदर सावरला आणि कोयना सुरू केली. धरण, क्वार्टर, पडलेली भिंत, मांडणी, आईची कणीक. दहा मिनिटं बोलले. निखिलनं ते एका वाक्यात उरकलं.

"एवढंच?" मी विचारलं.

"गेनाऊ," तो म्हणाला. म्हणजे अगदी तेवढंच.

"आणि सांग त्यांना, बारक्या हादऱ्यांना आम्ही भीक घालत नाही. चार भांडी वाजतात, बस."

निखिल जर्मनमध्ये तोंड उघडणार एवढ्यात कमलताई म्हणाल्या, "थांब. तसं नको सांगू."

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी केकची बशी गुडघ्यावरून उचलून टेबलावर ठेवली.

"माझं सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "मी मराठीत बोलते, तू त्यांच्या भाषेत सांग."

निखिलचे वडील आणि मोठी बहीण किल्लारीच्या भूकंपात गेले, हे मला माहीत होतं. लग्नाच्या बैठकीनंतर कुणीतरी हळूच सांगितलं होतं. मी त्याच बैठकीत मोठ्यानं हसले होते. निखिल तेव्हा तीन वर्षांचा. मामानं लातूरला वाढवलं. याहून जास्त त्यालाही माहीत नव्हतं, कारण त्याच्या आईनं कधी सांगितलं नव्हतं.

"आमचं गाव उमरग्याकडचं," कमलताई बोलू लागल्या. "आमच्यात तर कधी भूकंप नव्हताच. मग मोठा यायच्या आदल्या साली बारके यायला लागले. भांडी वाजायची. जमिनीतून गुरगुर यायची. सगळं गाव बाहेर झोपायला लागलं."

निखिल सांगत होता. एक वाक्य त्यांचं, एक त्याचं.

"आमचं घर नवं होतं. ह्याचे वडील मास्तर. आधी आमचं कुडाचं छप्पर होतं, ते काढून त्यांनी दगडी भिंती घातल्या, वर मातीचं माळवद. वस्तीत तसलं घर दुसरं नव्हतं. लई मिरवलाव आम्ही. आणि झोपायचं काय, तर अंगणात. महिने गेले, काही झालं नाही. हादरे बी थांबले. तरी मास्तर म्हणायचे, अजून थोडे दिवस बाहेरच झोपू."

त्या थांबल्या. निखिलचं भाषांतर त्यांच्यापर्यंत येऊन पोचलं आणि तोही थांबला.

"मी म्हणलं, लोक हसतेत. एवढं दगडाचं घर बांधलं ते काय बघायला? थंडी, विंचू, पाऊस. मी भांडले. अंथरुणं उचलून मीच आत टाकली." त्यांनी निखिलकडे बघितलं. "मीच त्यांना आत घेतलं, बाळा."

निखिलनं भाषांतर केलं नाही.

"सांग की त्यांना," त्या म्हणाल्या.

त्यानं सांगितलं. त्याचा आवाज मी ओळखला नसता.

"मग पुढच्या साली, गणपती विसर्जनाच्या रात्री, तू तापानं फणफणला होतास. रडत होतास. तुझ्या ताईची, सुजाताची झोप मोडू नये म्हणून तुला खांद्यावर टाकून मी बाहेर आले. मिरवणूक होऊन गेलेली. फेऱ्या मारत होते. तेवढ्यातच." त्यांनी हाताचा तळवा हळूच उलटा केला. "शेजारच्यांचं कुडाचं छप्पर तसंच उभं होतं. त्यांच्यातलं कुणी गेलं नाही."

मी कोयनेची तज्ज्ञ. माझ्या मांडणीवरची ताटं मला तोंड दाखवू देईनात.

फ्राऊ हेगेलेंनी निखिलला काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत," निखिल म्हणाला, "तुझ्या जागी कुणीही असतं तर दुसरं काय केलं असतं?"

"ते मलाबी माहीत आहे," कमलताई म्हणाल्या. "माहीत असून काय उपयोग?"

निखिल उठला, आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला आणि त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. पस्तिशीचा, टक्कल पडू लागलेला भूकंपांचा डॉक्टर. त्यांनी त्या टकलावरून हात फिरवला. "म्हणून हा बारके मोजतोय," त्या मला म्हणाल्या, "आणि मला वाटायचं, ह्याला कुणीतरी सांगितलंच असंल."

"नाही गं आई," तो मांडीतून म्हणाला. "मला फक्त तो विषय आवडायचा."

फ्राऊ हेगेले उठून खाली गेल्या. त्यांनी कॅलेंडरांचा गठ्ठा दोन खेपांत वर आणला आणि टेबलावर ठेवला. मग एक वर्ष त्यातून परत काढून घेतलं. "हे नाही," त्या ठणकावून म्हणाल्या. "बाकी ने. माझ्या शेजारणी आता सगळ्या मेल्यात."

तिसरा दिवस

सकाळी पेन्शनमध्ये न्याहारी. जर्मन लोक उकडलेलं अंडं छोट्या पेल्यात उभं करतात आणि चमच्यानं त्याचं टाळकं फोडतात. अंडं मला चालतं, हे कृपया माझ्या सासरी सांगू नका. मी टाळक्यावर चमचा मारला आणि पेला बशीत किणकिणला. मग दुधाचं भांडंही किणकिणलं. खिडकीची काच बारीक गुणगुणली.

"ट्रक," मी म्हटलं. कोयनेच्या अधिकारवाणीनं.

माझं वाक्य संपायच्या आत माझं मनगट कुणीतरी पकडलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. खुर्ची पडली. दार. पायऱ्या. अंगणातलं गार दव पायाला लागलं, कारण माझी एक सपात आत राहिली होती. मी गळ्यात खोचलेल्या रुमालासह आणि हातातल्या चमच्यासह हिरवळीच्या मधोमध उभी होते, आणि कमलताईंनी माझं मनगट सोडलं नव्हतं. त्या घराकडे बघत होत्या. घर उभं होतं. खिडकीतल्या कुंड्याही हलल्या नव्हत्या.

एवढ्या वेळात जमीन केव्हाच शांत झाली होती.

पेन्शनची मालकीण दारात आली, काळजीनं विचारू लागली. निखिल हातात फोन घेऊन मागोमाग आला. चेहरा फुललेला, डोळे ओले. "विचारतायत, अंडं फार कडक झालं का?" तो म्हणाला, आणि हसता हसता पायरीवरच बसला.

खरंच बारका हादरा होता. अर्ध्या गावाला कळलासुद्धा नसेल. पण इथे जमीन हलली की लोकांनी फॉर्म भरायचा असतो. जर्मनीत मेल्यावरही भरावा लागतो, तर मग हलल्यावर का नाही. निखिलनं फोनवर तो उघडला आणि हिरवळीवरच आमच्या मुलाखती घेतल्या.

"कुठे होता?"

"न्याहारीच्या टेबलावर."

"काय आवाज आला?"

"ट्रकसारखा," मी हळू आवाजात म्हटलं.

"घाबरलात का?"

"लिही, नाही," कमलताई म्हणाल्या.

"माझं लिही, हो," मी म्हटलं. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा. भूकंपाला नाही घाबरले. त्यांच्या पकडीला घाबरले, आणि तेवढ्या पकडीनं कुणी मला कधी बाहेर काढलं नव्हतं याचीही भीती वाटली. पण फॉर्ममध्ये तेवढी जागा नव्हती.

"घराबाहेर धावलात का?"

"दोघी," कमलताई म्हणाल्या. मनगट अजून त्यांच्याच हातात होतं. मी ते मागितलंही नाही.

निखिलनं बोट खाली सरकवलं. "शेवटचा प्रश्न. आणखी काही सांगायचंय का?"

मला पुष्कळ सांगायचं होतं, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता.

कमलताईंनी विचार केला. दवानं त्यांच्या साडीचे काठ भिजले होते. मग त्या म्हणाल्या, "लिही. ह्या वेळी आतल्या माणसाला मी बाहेर आणलं."

निखिल टाइप करू लागला. त्याला बराच वेळ लागला, आणि आम्ही दोघी तशाच, तीन पायांत सपाता घालून, तो लिहून होईपर्यंत उभ्या राहिलो.